मिस्त्रीचा मुकादम होताना

मिस्त्री आणि मुकादम हे दोन शब्द आपण रोज वापरतो. दोन्ही बाहेरून आलेले. मिस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला. त्याचा अर्थ उस्ताद, आपल्या हुनरात तयार झालेला माणूस. मुकादम हा अरबीतला 'मुकद्दम'. त्याचा अर्थ पुढे केलेला, पुढे ठेवलेला. निजामशाही आणि आदिलशाहीच्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेले आढळते. गावाच्या वतीने जो पुढे उभा राहतो, सरकारला तोंड देतो, तो मोकदम. पुढे हा शब्द शेतावर, रस्त्याच्या कामावर, जिनिंगमध्ये आणि गिरणीत आला आणि मजुरांच्या टोळीवर नेमलेल्या माणसाला चिकटला.

उर्दू आणि मराठी शिकवताना शब्दांची ही उलगड मला वर्गात उपयोगी पडते. पण या दोन शब्दांत भाषेपलीकडचीही एक गोष्ट आहे. माणूस मिस्त्री होतो तो स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षांच्या सरावाने. मुकादम मात्र त्याला दुसरे कोणीतरी करते, आणि तेही बहुतेक वेळा एका दिवसात. काल पान्हा हातात असलेल्या माणसाला आज सांगितले जाते, की आता ही सात माणसे तुझ्या हाताखाली.

आज त्याला मुकादम म्हणत नाहीत. मॅनेजर, सुपरवायझर किंवा नुसते 'इन्चार्ज' म्हणतात. मोठ्या कंपन्या अशा नव्या माणसाला नेतृत्वाचे प्रशिक्षण देतात, त्याच्यासाठी कोच नेमतात. उर्दूत यासाठी जुना शब्द आहे, तरबियत. तालीम म्हणजे ज्ञान देणे. तरबियत म्हणजे माणसाला घडवणे. लहान धंदा वाढू लागतो तेव्हा पुढे केलेल्या माणसाची तरबियत कोण करते? आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे सापडतात. एक मुंबईच्या गिरणीतले, दुसरे सांगलीकडच्या एका माळरानावरचे.

गिरणीतला जॉबर

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहू लागले. मालक गुजराती, पारशी, बोहरी, भाटिया. सुरुवातीचे तंत्रज्ञ बरेचसे लँकेशायरचे इंग्रज. त्यांना मजुरांची भाषा येत नव्हती आणि मजुरांना त्यांची.

मधली दरी भरून काढायला जो माणूस पुढे केला गेला तो जॉबर. बायकांच्या खात्यात असे काम करणारीला नायकीण म्हणत. जॉबर बहुतेक वेळा मजुरांतूनच वर आलेला असे. यंत्र कुठे अडते हे त्याला कळे, गावाकडची माणसे त्याच्या ओळखीची असत. म्हणून माणसे भरती करणे, कामाला लावणे, रजा देणे, काढून टाकणे, यंत्र चालू ठेवणे असे सगळे त्याच्याकडे सोपवले गेले. कामाच्या बाहेरही त्याचा हात पोहोचत असे. चाळीत खोली मिळवून देणे, वाण्याकडे उधारीला जामीन राहणे, अडीअडचणीला पैसे देणे हेही तोच करी.

गिरणीने त्याला अधिकार दिले. पण ते कसे वापरायचे, कुठे थांबायचे आणि माणसांशी कसे वागायचे, हे त्याला कोणी शिकवले नाही. वरून एवढेच विचारले जाई, की आज माल किती निघाला आणि किती माग बंद राहिले. मग जॉबरने आपली रीत आपणच बसवली. नोकरीसाठी दस्तुरी घ्यायची, ती टिकवण्यासाठी पुन्हा घ्यायची, आपल्या गावच्या आणि नात्यातल्या माणसांना आधी लावायचे. जॉबर बदलला की त्याची माणसेही बदलत.

१९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने, म्हणजे व्हिटली आयोगाने, या सगळ्याची चौकशी केली. कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा आणि गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसरचे पद आले.

जॉबरला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि गिरणगावच्या आठवणींत तो बहुधा तसाच येतो. पण त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र थोडे बदलते. मालकाला माल हवा, मजुराला नोकरी हवी, आणि दोघांच्या मधे एक माणूस, ज्याच्याजवळ यंत्राचे ज्ञान आणि ओळखी यापलीकडे काही नाही. पुढे केलेल्या माणसाला घडवले नाही तर तो हाताशी असेल त्याच साधनांनी काम चालवतो. कोणी दमदाटीने, कोणी नात्यागोत्याने, कोणी पैशाने.

मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. निजामाच्या राज्यात आपल्याकडे कारखानदारी उशिरा आली आणि थोडीच आली. हिंगोली, सेलू, परभणीच्या जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी, म्हणजे पुन्हा मुकादमाच्या टोळीवर चालणारे. आजही दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी माणसे मुकादमाकडून उचल घेऊनच निघतात. कारखान्याला माणसे हवीत, मजुराला रोख हवी, आणि मधे मुकादम. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गिरणीतली रचना फडात जिवंत आहे. आपल्या मनात 'वरच्या माणसा'ची जी प्रतिमा आहे, तिचा बराच भाग इथून आला आहे.

कुंडलचा माळ

दुसरे उत्तर एका शिक्षकाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंगांमध्ये फरक करता येत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली, यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला थोरले बंधू रामुअण्णांबरोबर सायकलींच्या धंद्यात आले. पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. १९१० साली निवडुंग आणि साप यांच्याशिवाय काही नसलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली.

लहान धंदा वाढू लागल्यावर जी अडचण येते ती इथेही आली. एकटा मालक सगळीकडे पुरत नाही. ओतशाळेत उभे राहावे तर विक्री राहते, विक्रीला जावे तर हिशेब राहतात. शिकलेली, अनुभवी माणसे मुंबई सोडून त्या माळावर येणार नव्हती. जी येत होती त्यांच्याकडे प्रमाणपत्रे नव्हती. मग लक्ष्मणरावांनी आलेल्या माणसांतूनच जबाबदार माणसे तयार केली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले आणि अडलेले काम सोडवायला त्यांनाच पुढे केले जाऊ लागले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळले, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. वाडीच्या पहाऱ्यावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्या काळात इंग्रजी कायदा काही जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता, त्या काळात लक्ष्मणरावांनी सगळ्या वाडीची राखण या दोघांवर सोपवली, आणि ती त्यांनी केली.

या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट जाणवते. लक्ष्मणरावांनी माणसाला त्याच्या मागच्या निकालावरून जोखले नाही. त्याला नेमके काय जमते हे पाहिले, त्याला एक खाते दिले आणि त्या खात्याची जबाबदारी खरोखर त्याच्याकडे राहू दिली. हक्काची बढती नाकारली गेली म्हणजे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. वर्गात शिकवलेले असल्यामुळे शिकणारा चुकत चुकत शिकतो हेही ठाऊक असणार.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ज्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९२६ मध्ये लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून परत आले. १९४१ मध्ये हरिहरला आणि १९४६ मध्ये बंगळूर व पुण्याला नवे कारखाने निघाले. दुसरी शाखा काढताच पहिली कोलमडते, हे आपण बाजारात नेहमी पाहतो. मालकाच्या गैरहजेरीत काम चालवणारी माणसे आधी तयार नसतील, तर एका माळावरचा उद्योग अशा चार गावांत जात नाही.

तरीही या उत्तराची एक मर्यादा आहे. ती नजर लक्ष्मणरावांची होती. अशी नजर प्रत्येक दुकानदाराकडे, प्रत्येक कारखानदाराकडे कुठून येणार? ती शिकवता येते का?

दहा तास

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राबाहेर, युद्धाच्या धांदलीत सापडले. १९४० साली अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना सुरू झाली. युद्धसामग्रीचे कारखाने झपाट्याने वाढत होते, जुने कामगार सैन्यात जात होते, आणि काल मशीनवर असलेल्या माणसाला आज फोरमन करावे लागत होते. आपल्या मिस्त्रीसारखीच त्याची स्थिती. त्याच्यासाठी दहा तासांचे छोटे अभ्यासक्रम बनवले गेले. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि समोर दहा-बाराच माणसे. १९४५ पर्यंत साडेसोळा हजारांच्या आसपास कारखान्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांनी हे शिक्षण घेतले.

त्यांनी आधी एक साधी मांडणी केली. देखरेख करणाऱ्याला पाच गोष्टी लागतात. कामाचे ज्ञान आणि आपल्या जबाबदारीचे ज्ञान, ही दोन ज्ञाने. दुसऱ्याला शिकवणे, कामाची पद्धत सुधारणे आणि माणसांना सोबत नेणे, ही तीन कौशल्ये. बढती मिळते ती पहिल्या ज्ञानाच्या जोरावर. उरलेल्या चार गोष्टी माणसाकडे आपोआप येतील असे आपण धरून चालतो. या योजनेने तसे धरले नाही. तीन कौशल्यांसाठी तीन वेगळे अभ्यासक्रम ठेवले.

शिकवण्याच्या अभ्यासक्रमात चार पायऱ्या होत्या. शिकणाऱ्याला तयार करा, म्हणजे त्याची भीती घालवा आणि त्याला आधी काय येते ते विचारा. मग काम एकेक टप्प्याने करून दाखवा आणि प्रत्येक टप्प्यातली मेख सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करता करता त्यालाच बोलायला लावा. शेवटी त्याला एकटे सोडा, पण अधूनमधून जाऊन पाहा. बी.एड. केलेल्या कोणालाही हे वाचून हर्बार्टची पंचपदी आठवेल. पूर्वतयारी, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पाठ टाचण लिहिताना आम्ही ज्या पायऱ्या शेकडो वेळा गिरवल्या, त्यांचीच ही कारखान्यातली बहीण. या चार पायऱ्या अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात चार्ल्स ॲलन यांनी जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरल्या होत्या. १९१९ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले.

माणसांशी वागण्याच्या अभ्यासक्रमातही मोठे तत्त्वज्ञान नव्हते. माणसाचे काम कसे चालले आहे ते त्याला सांगत राहा. चांगले केले तर त्याच वेळी म्हणा. त्याच्यावर परिणाम होणारा बदल असेल तर आधी कळवा. त्याच्या अंगी जे आहे त्याचा पुरता उपयोग करून घ्या. आणि तंटा झाला तर आधी सगळ्या बाजू ऐका, मग ठरवा.

युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटासारख्या कारखान्यांनी ती आपलीशी केली. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने ती भारतातही आली. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. पण या सगळ्याचा लाभ मुख्यतः मोठ्या कारखान्यांना, मोठ्या शहरांना झाला. औरंगाबादला १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. त्याचे मुख्य काम नवा उद्योजक तयार करण्याचे. म्हणजे मालक होऊ पाहणाऱ्यासाठी काही दार उघडले. मालकाने पुढे केलेल्या मिस्त्रीसाठी लहान गावात कोणतेच दार नाही.

आपल्या बाजारात

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हळदीमुळे ओळखला जातो. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात. हळदीच्या मागोमाग बॉयलर आणि पॉलिश मशीन बनवणारे, दुरुस्त करणारे आले, मसाला दळणारे आले, वाहतूकवाले आले. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, बेकरी, टाइल्स, मोबाइल दुरुस्ती या कामांत आपल्या समाजातली मुले मोठ्या संख्येने आहेत. पाच माणसांचे दुकान पंधरा माणसांचे होते, रोडवर दुसरी शाखा निघते. मालक सगळ्यात चांगल्या कारागिराला बोलावतो आणि म्हणतो, आता तिकडचे तू बघ.

माझा एक जुना विद्यार्थी फॅब्रिकेशनच्या कामात आहे. हात इतका सफाईदार, की त्याचा जोड शोधावा लागतो. मालकाने त्याला नव्या शेडचा इन्चार्ज केले. चार महिन्यांत तीन पोरे सोडून गेली. तो दिवसभर त्यांच्यावर चिडायचा आणि त्यांचे बिघडलेले काम रात्री स्वतः बसून करायचा. कोणाला किती पगार द्यायचा, कोणाला रजा द्यायची, यातले काहीच त्याच्या हातात नव्हते. तक्रार मात्र त्याच्याकडेच यायची. शेवटी त्याने मालकाला सांगितले, मला परत वेल्डिंगवरच ठेवा. मालकाचा निष्कर्ष असा, की पोराला माणसे सांभाळता येत नाहीत. मालकाने त्याला ते शिकवले कधी होते, हा प्रश्न त्या शेडमध्ये कोणी विचारला नाही.

यात आपल्या उस्ताद-शागिर्द परंपरेचाही काही वाटा आहे. मी त्या परंपरेचा आदर करतो. औरंगाबादच्या हिमरूपासून आपल्या गावातल्या गॅरेजपर्यंत हुनर टिकले ते तिच्यामुळे. पण ती शिकवते पाहून पाहून. उस्ताद करतो, शागिर्द पाहतो, चुकला की टपली बसते. यातून हात तयार होतो. पण आपण जे करतो ते टप्प्याटप्प्याने सांगायची सवय उस्तादालाच नसते, म्हणून शागिर्दालाही लागत नाही. मग हाच शागिर्द इन्चार्ज झाला की त्याच्याकडे दोनच मार्ग उरतात, ओरडणे किंवा स्वतः करून टाकणे. पहिल्याने माणसे जातात, दुसऱ्याने तो स्वतः झिजतो.

नात्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या बहुतेक धंद्यांत पुढे केला जाणारा माणूस पुतण्या, भाचा किंवा साडू असतो. त्याच्या हाताखाली त्याच्याहून वयाने मोठे, कालपर्यंत ज्यांना तो चाचा म्हणायचा असे कारागीर असतात. त्यांना काम सांगायचे कसे? चाचांची चूक दाखवायची कशी? हे कळत नाही म्हणून तो एकतर गप्प राहतो किंवा एकदम साहेब होतो. खरे तर चाचा म्हणतच त्यांना आधी विचारता येते, त्यांच्या अनुभवाचा मान ठेवून नवी पद्धत ठरवता येते. हेही शिकण्याचेच कौशल्य आहे, आणि त्याचा सराव करता येतो.

मालकाने फार मोठे काही करायची गरज नाही. माणसाला पुढे करण्याआधी त्याच्याशी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. कोणते निर्णय तो स्वतः घेईल, कोणते विचारून घेईल आणि कोणते अजिबात घेणार नाही. हे हाताखालच्या माणसांसमोर एकदा जाहीर सांगावे, म्हणजे कोणी त्याला ओलांडून थेट मालकाकडे धावणार नाही, आणि धावला तर मालकाने त्याला परत पाठवावे. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा अर्धा तास द्यावा, काय अडले ते विचारावे, उत्तर लगेच देऊ नये. या काळात त्याच्या स्वतःच्या हातचे काम कमी करावे. दिवसभर वेल्डिंगही त्यानेच करायचे आणि माणसेही त्यानेच पाहायची, तर दोन्ही बिघडणार. आणि पगारात थोडी तरी वाढ द्यावी. जबाबदारी वाढली आणि पगार तोच, तर पुढे केलेला माणूस मागे बघू लागतो.

आणखी एक गोष्ट आपण शिक्षक करू शकतो. शिकवायचे कसे, हे आम्हाला कोणीतरी पैसे आणि वेळ खर्चून शिकवले आहे. गावातल्या आठ-दहा दुकानांनी आणि वर्कशॉपांनी आपले नवे इन्चार्ज एकत्र पाठवले, बाजार बंद असलेल्या दिवशी संध्याकाळी शाळेची एक खोली मिळाली, तर दोन-दोन तासांच्या पाच बैठका अवघड नाहीत. प्रत्येकाने आपल्या कामातला एकच प्रकार आणायचा. पंक्चर काढणे, खारीचे पीठ मळणे, पॉलिश मशीनचा पट्टा बदलणे. तो दुसऱ्याला चार पायऱ्यांत शिकवून दाखवायचा. बाकीच्यांनी पाहायचे आणि सांगायचे, कुठे कळले आणि कुठे सुटले. माझ्या बी.एड.च्या वर्गात सूक्ष्म अध्यापन याच पद्धतीने होत असे. इथे फळ्याऐवजी पान्हा असेल, एवढाच फरक.

गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर जॉबरही गेला. त्याच्यासारखी परिस्थिती मात्र आपल्या रोडवरच्या शेडमध्ये, मसाल्याच्या गिरणीत, दुसऱ्या शाखेच्या काउंटरवर रोज तयार होते आहे. त्या काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाच्या हाताखाली पाच घरांची रोजी आहे. त्याला आपण काम शिकवले. आता माणसांसोबत काम करायलाही शिकवू या.